जुना मिश्रधातू, नवा गुण : क्षरणरोधक निकेलयुक्त मिश्रधातूंच्या पेटंट-परीक्षणाचा इतिहास

प्रास्ताविक

मिश्रधातूचे पेटंट म्हणजे नेमके कशाचे पेटंट? धातुशास्त्रज्ञाला विचारले तर तो गुणाकडे बोट दाखवील. अमुक आम्लात न झिजणारा, तमुक तापमानाला न तडकणारा धातू त्याने शोधलेला असतो. पेटंट कार्यालयातील परीक्षक मात्र घटकद्रव्यांच्या टक्केवारीकडे पाहतो. त्याच्या दृष्टीने मिश्रधातू म्हणजे कोणते मूलद्रव्य किमान किती आणि कमाल किती, याचा तक्ता होय. शोध लावणाऱ्याचा आनंद एका ठिकाणी आणि कायद्याचा निकष दुसऱ्या ठिकाणी, अशी ही विसंगती आहे. विसाव्या शतकातील क्षरणरोधक मिश्रधातूंच्या इतिहासात ती वारंवार डोके वर काढते. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा मागोवा घेतला असून, अमेरिकेतील १९८५ च्या एका निर्णयावर विशेष भर दिला आहे. भारतीय कायद्याने याच प्रश्नाला काही काळ अगदी वेगळे उत्तर दिले होते, त्याचाही विचार शेवटी केला आहे.

निकेलची वंशावळ

निकेल हे मूलद्रव्य स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ क्रॉन्स्टेट याने १७५१ मध्ये वेगळे केले. तथापि, क्षरणाला तोंड देणारा औद्योगिक धातू म्हणून त्याला प्रतिष्ठा मिळाली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. कॅनडातील सडबरी येथील खनिजात निकेल आणि तांबे एकत्रच सापडतात. ते वेगळे करून पुन्हा मिसळण्याचा द्राविडी प्राणायाम टाळून थेट दोहोंचा मिश्रधातू बनवावा, ही कल्पना इंटरनॅशनल निकेल कंपनीतील रॉबर्ट क्रूक्स स्टॅन्ली याने १९०५ मध्ये प्रत्यक्षात आणली. १९०६ मध्ये मिळालेले पेटंट मात्र कंपनीचा अध्यक्ष अँब्रोज मोनेल याच्या नावाने होते. मिश्रधातूलाही त्याचेच नाव मिळाले. आडनाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवता येत नसल्याने त्यातील एक अक्षर गाळून 'मोनेल' हे नाव रूढ झाले, ही हकिगत सर्वश्रुत आहे. सुमारे दोन तृतीयांश निकेल आणि उरलेला भाग बहुतांशी तांबे अशी त्याची घडण होती.

पुढील टप्पा मॉलिब्डेनमचा. निकेलमध्ये मॉलिब्डेनम घातल्यास मिश्रधातू हायड्रोक्लोरिक आम्लात टिकतो. परंतु द्रावणात लोहाचे ऑक्सिडीकारक आयन आले की तो झपाट्याने झिजतो. त्यावर उपाय क्रोमियमचा. निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम या त्रिकुटावर आधारलेले रसेल फ्रँक्स यांचे पेटंट १९३१ मध्ये मंजूर झाले आणि 'हॅस्टेलॉय सी' या नावाने तो मिश्रधातू रसायन उद्योगात पसरला. त्यात एक उणीव होती. वितळजोडणी अर्थात वेल्डिंग केल्यावर सांध्यालगतच्या पट्ट्यात कार्बाइडचे व अन्य प्रावस्थांचे कण स्फटिककणांच्या सीमांवर साचत आणि नेमका तोच भाग आधी खाल्ला जाई.

ही उणीव दूर करणारे पेटंट १९६५ चे आहे आणि परीक्षणाच्या दृष्टीने ते फार बोधक आहे. त्यातून आलेल्या सी-२७६ या मिश्रधातूत प्रमुख घटक जवळजवळ पूर्वीचेच आहेत: सुमारे १६ टक्के क्रोमियम, १६ टक्के मॉलिब्डेनम, ४ टक्क्यांच्या आसपास टंग्स्टन, थोडे लोह आणि उरलेले निकेल. बदल झाला तो नकोशा घटकांत. कार्बनची कमाल मर्यादा ०.०१ टक्के आणि सिलिकॉनची ०.०८ टक्के इतकी खाली आणली गेली. काही नवे घालण्यात हा शोध नव्हता. आधीपासून असलेले काही काढून टाकण्यात होता. वेल्डिंग केलेले पात्र पुन्हा भट्टीत न घालता वापरता येऊ लागले, हा त्याचा व्यावहारिक लाभ.

यानंतरची वाटचाल टक्केवारीच्या बारीक फरकांची आहे. १९८५ मध्ये अस्फहानी यांना पेटंट मिळाले. त्या मिश्रधातूत, म्हणजे सी-२२ मध्ये, क्रोमियम सुमारे २२ टक्क्यांपर्यंत चढवले होते आणि मॉलिब्डेनम सुमारे १३ टक्क्यांपर्यंत उतरवले होते. १९९० मध्ये जर्मनीतील व्हीडीएम कंपनीच्या 'अलॉय ५९' ला अमेरिकी पेटंट मिळाले. त्यात क्रोमियम २३ आणि मॉलिब्डेनम १६ टक्क्यांच्या घरात, आणि टंग्स्टन नाही. २००१ मध्ये पॉल क्रूक यांच्या पेटंटाने याच चौकटीत सुमारे १.६ टक्के तांबे आणले व सल्फ्युरिक आम्लातील टिकाऊपणा वाढवला. सत्तर वर्षांत खेळाचे मैदान तेच राहिले. प्रत्येक नव्या खेळाडूला मात्र आधीच्यांनी आखलेल्या रेषांमधल्या मोकळ्या जागेतच पाऊल ठेवावे लागले.

परीक्षकाचा तक्ता

मिश्रधातूवरील अर्ज आला की परीक्षकाचे काम सांगायला सोपे असते. अर्जातील दाव्यात प्रत्येक मूलद्रव्याची प्रमाणकक्षा दिलेली असते. पूर्वी छापले गेलेले पेटंट, शोधनिबंध, हस्तपुस्तिका आणि व्यापारी माहितीपत्रके यांतील प्रमाणे तो शेजारी मांडतो. जुन्या दस्तऐवजातील एखादा मिश्रधातू नव्या दाव्याच्या सर्व कक्षांत बसत असेल तर दाव्याला नवीनता नाही. तो तंतोतंत बसत नसेल, पण अगदी जवळ असेल, तर दुसरा प्रश्न उभा राहतो: या क्षेत्रातील सामान्य जाणकाराला हा फरक सहज सुचण्याजोगा होता काय? तसा तो असेल तर अर्जदाराला अनपेक्षित परिणामाचा पुरावा द्यावा लागतो.

येथे एक अडचण आहे. धातू क्षरणाला टिकतो की नाही हे त्याच्या घडणीवरून केवळ तर्काने सांगता येत नाही. त्यासाठी महिनोन्महिने नमुने आम्लात बुडवून ठेवावे लागतात. खर्च आणि श्रम सगळे तेथे होतात. दाव्यात मात्र 'उष्ण क्षारजलात उत्तम क्षरणरोध' असा एक वाक्यांश जोडला जातो आणि परीक्षकाच्या तक्त्यात त्या वाक्यांशाला स्वतंत्र रकाना नसतो. मिश्रधातू जुना असेल तर त्याचा गुणही त्यात आधीपासूनच होता, मग तो कोणी मोजलेला असो वा नसो.

एक रशियन आलेख

हा प्रश्न सर्वांत स्वच्छ स्वरूपात ज्या प्रकरणात पुढे आला, त्यातील धातूचा पाया निकेलचा नसून टायटॅनियमचा होता. निकेल त्यात एक टक्क्याहूनही कमी होते; पण क्षरणरोधाचे काम मुख्यतः तेच करीत होते. टायटॅनियमवर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर असतो आणि त्यामुळे तो समुद्राच्या पाण्यात सहसा झिजत नाही. मात्र गरम क्षारजलात, दोन पत्र्यांमधील किंवा गास्केटखालील अरुंद फटीत, ऑक्सिजन संपतो, पाणी आम्लधर्मी होते आणि थर मोडतो. पॅलेडियमचा अंश घातल्यास हा दोष जातो. पण पॅलेडियम मौल्यवान धातू, त्याचा खर्च परवडत नाही. अल्प निकेल आणि त्याहून अल्प मॉलिब्डेनम घातल्यास पृष्ठभागावर हायड्रोजन आयनांचे क्षपण सुलभ होते आणि धातूचे विभव पुन्हा संरक्षक थर टिकेल अशा पातळीवर येते. टायटॅनियम मेटल्स कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीसाठी लॉरेन कॉव्हिंग्टन आणि हॉवर्ड पामर या संशोधकांनी हे दाखवून दिले आणि १९७४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला.

अर्जातील पहिला दावा असा होता: ०.६ ते ०.९ टक्के निकेल, ०.२ ते ०.४ टक्के मॉलिब्डेनम, लोह जास्तीत जास्त ०.२ टक्के आणि उरलेले टायटॅनियम; हा मिश्रधातू उष्ण क्षारजलात उत्तम टिकतो. दुसऱ्या दाव्यात लोहाची मर्यादा ०.१ टक्क्यावर आणली होती. तिसरा दावा सर्वांत नेमका होता: निकेल ०.८ आणि मॉलिब्डेनम ०.३ टक्के.

परीक्षकाने अर्ज नाकारला. त्याच्या हाती एक सोव्हिएत शोधनिबंध होता. कलाबुखोवा आणि मिखेयेव या लेखकांचा हा जेमतेम तीन पानांचा निबंध १९७० मध्ये सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या धातुविषयक नियतकालिकात आला होता. विषय होता टायटॅनियम, मॉलिब्डेनम व निकेल यांच्या मिश्रधातूंचे यांत्रिक गुणधर्म. त्यात क्षरणाचा शब्दही नव्हता. मिश्रधातूंची यादीही नव्हती. होते ते आलेख. त्यांपैकी एका आलेखात मॉलिब्डेनम आणि निकेल यांचे परस्परप्रमाण एकास तीन असे ठेवून दोहोंची एकूण टक्केवारी वाढवत नेली होती. एकूण १ टक्क्यापाशी एक बिंदू होता. म्हणजे मॉलिब्डेनम ०.२५ आणि निकेल ०.७५ टक्के. हा बिंदू पहिल्या दोन्ही दाव्यांच्या कक्षांत नेमका बसत होता. पुढचा बिंदू १.२५ टक्क्यांचा, म्हणजे मॉलिब्डेनम ०.३१ आणि निकेल ०.९४, तो तिसऱ्या दाव्याच्या अगदी शेजारी होता.

पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने परीक्षकाचे म्हणणे उचलून धरले. कंपनीने वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयात दावा लावला आणि १९८४ मध्ये तेथे तिची सरशी झाली. न्यायालयाला असे वाटले की रशियन लेखकांना क्षरणरोधाची कल्पना नव्हती, या अर्जदारांनी मात्र जगाला काहीतरी शिकवले. तेव्हा त्यांना पेटंट मिळायला हवे. सामान्य माणसाचा न्यायबोधही बहुधा याच बाजूने कौल देईल.

पेटंट आयुक्तांनी अपील केले. १९८५ च्या नोव्हेंबरात फेडरल सर्किट न्यायालयाने 'टायटॅनियम मेटल्स विरुद्ध बॅनर' या प्रकरणात निकाल फिरवला. निकालपत्र जाइल्स रिच यांनी लिहिले. १९५२ च्या अमेरिकी पेटंट कायद्याचा मसुदा घडवण्यात ज्यांचा प्रत्यक्ष हात होता, त्या रिच यांनीच हा निकाल लिहावा याला काही अर्थ आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, अर्जदाराने दावा केला आहे तो मिश्रधातूवर, गुणाच्या ज्ञानावर नव्हे. प्रमाणकक्षेत येणाऱ्या अनेक मिश्रधातूंपैकी एक जरी आधी छापून ज्ञात झाला असेल, तरी संपूर्ण दाव्याची नवीनता जाते. रशियन लेखकांना त्याचा क्षरणरोध ठाऊक होता की नव्हता हे येथे गैरलागू आहे. निबंधात मिश्रधातू कसा बनवायचा हे सांगितले नव्हते. पण कंपनीच्याच तज्ज्ञाने उलटतपासणीत दिलेल्या साक्षीवरून दिसत होते की जाणकाराला ते सांगावे लागत नाही. तिसऱ्या दाव्याविषयी तर्क वेगळा होता. तो मिश्रधातू आधी छापलेला नव्हता, पण ज्ञात असलेल्या दोन मिश्रधातूंच्या इतक्या जवळ होता की त्याचे गुणधर्म त्यांच्यासारखेच असतील अशी अपेक्षा कोणीही केली असती. ती अपेक्षा खोटी ठरवणारा पुरावा आलेला नव्हता.

या निकालाची न्याय्यता आजही वादाचा विषय होऊ शकते. कॉव्हिंग्टन आणि पामर यांचे काम खरे होते, ०.३ टक्के मॉलिब्डेनम आणि ०.८ टक्के निकेल असलेला टायटॅनियम पुढे अमेरिकी मानकांत 'ग्रेड १२' या नावाने प्रस्थापित झाला, हे त्याचेच द्योतक. पण उलट बाजूही तितकीच भक्कम आहे. एखाद्या धातुशास्त्रज्ञाने तो सोव्हिएत निबंध वाचून यांत्रिक उपयोगासाठी ०.७५ टक्के निकेलचा मिश्रधातू बनवला असता, तर पेटंट मंजूर झाल्यावर तो स्वतःच्या वाचनातून आलेली गोष्ट बनवूनही अपराधी ठरला असता. छापील ज्ञान एकदा सर्वांचे झाले की ते परत घेता येत नाही, ही बाजू रिच यांनी राखली. तीन पानी निबंधातील एका ठिपक्याला एवढे वजन यावे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते खरे. परंतु ज्ञान आलेखात आहे की कोष्टकात आहे यावर त्याचे सार्वजनिकत्व अवलंबून नसते.

कक्षांचा खेळ

निकेल पाया असलेल्या मिश्रधातूंत वाद बहुधा एका बिंदूचा नसतो. तो दोन प्रमाणकक्षा एकमेकींत शिरण्याचा असतो. बोश आणि स्लेनी यांच्या १९८० मधील प्रकरणात उच्च तापमानाला स्थिर राहणाऱ्या निकेल मिश्रधातूसाठी घटकांच्या कक्षांबरोबर इलेक्ट्रॉन-रिक्ततेचा एक गणिती अंक दाव्यात घातला होता. तत्कालीन पेटंट अपील न्यायालयाने म्हटले की परिणामावर प्रभाव टाकणारा घटक म्हणून जो आधीच ओळखला गेला आहे, त्याचे सर्वोत्तम मूल्य शोधणे हे जाणकाराचे नेहमीचे काम होय. २००३ च्या पीटरसन प्रकरणात टर्बाइनसाठीच्या एकस्फटिकी निकेल मिश्रधातूत १ ते ३ टक्के रेनियम मागितले होते आणि जुन्या पेटंटात ते ० ते ७ टक्के असे दिलेले होते. छोटी कक्षा मोठ्या कक्षेच्या पोटात बसते, तेव्हा अनपेक्षित लाभ दाखवण्याचे ओझे अर्जदारावर येते. शिवाय तो लाभ संपूर्ण कक्षेत दिसावा लागतो. पीटरसन यांचा पुरावा १ ते ३ या सबंध कक्षेला पुरला नाही.

म्युनिकचे उत्तर

युरोपीय पेटंट कार्यालयाने मात्र गुण शोधणाऱ्यासाठी एक चिंचोळे दार उघडले. १९८९ च्या डिसेंबरात तेथील विस्तारित अपील मंडळाने मोबिल ऑइल कंपनीच्या प्रकरणात निर्णय दिला. वंगणात घालायचे एक रसायन लोखंडाला गंज चढू नये म्हणून आधीपासून ज्ञात होते. कंपनीने त्याचा घर्षण कमी करण्याचा गुण शोधला होता. ज्या कोणी ते गंज रोखण्यासाठी वापरले असेल, त्याच्या यंत्रात घर्षणही नकळत कमी झाले असणारच. तरीही, हा परिणाम पूर्वी लोकांना कळलेला नव्हता म्हणून त्या हेतूसाठी 'उपयोगा'चा दावा नवा मानता येईल, असे मंडळाने ठरवले. पदार्थावर मालकी नाही, पण नव्या उपयोगावर ती शक्य, अशी ही तडजोड आहे. अमेरिकी कायद्यातही ज्ञात पदार्थाच्या नव्या उपयोगाची पद्धती स्वतंत्रपणे मागण्यास वाव होता. टायटॅनियम प्रकरणातील तिन्ही दावे मात्र मिश्रधातूवरच होते.

भारतीय कायद्यातील 'मिश्रधातू' हा शब्द

भारतात या प्रश्नाने फार वेगळे वळण घेतले आणि त्याची आठवण जवळपास पुसली गेली आहे. १९७० च्या पेटंट कायद्याची चर्चा निघाली की बहुधा औषधांविषयीच बोलले जाते. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या पायावर हा कायदा उभा राहिला आणि २० एप्रिल १९७२ रोजी अमलात आला. त्याच्या कलम ५ मध्ये अन्न व औषधे यांच्या जोडीला रासायनिक प्रक्रियेने बनणाऱ्या पदार्थांचा उल्लेख होता आणि कंसात मिश्रधातू, प्रकाशीय काच, अर्धवाहक व आंतरधात्विक संयुगे यांची नावे स्पष्ट घातलेली होती. अशा पदार्थांवर पेटंट मिळणार नाही. ते बनवण्याच्या पद्धतीवर तेवढे मिळेल, असा नियम होता.

याचा अर्थ असा की कोलकाता, दिल्ली, मद्रास किंवा मुंबई येथील परीक्षकासमोर सी-२२ वा ग्रेड १२ सारख्या मिश्रधातूच्या घडणीवरचा दावा आला असता, तर रशियन आलेख शोधण्याची गरजच पडली नसती. वितळवणे, शुद्धीकरण, उष्णतोपचार यांच्या क्रमात काही नवे असेल तरच परीक्षण पुढे सरकले असते. परकीय मक्तेदारी रोखण्याचा हेतू येथे औषधांइतकाच धातूंच्या बाबतीतही होता. हैदराबादची मिश्र धातू निगम ही सरकारी कंपनी १९७३ मध्ये, म्हणजे हा कायदा अमलात आल्यावर लगेचच, स्थापन झाली आणि निकेल व टायटॅनियमचे विशेष मिश्रधातू बनवू लागली. दोन घटनांत कार्यकारण जोडणे घाईचे ठरेल. पण त्या उद्योगाच्या पहिल्या तीन दशकांत कोणत्याही विदेशी कंपनीला भारतात मिश्रधातूवर थेट मालकी सांगता येत नव्हती, ही वस्तुस्थिती विसरता येत नाही.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारातील मुदत संपल्यावर १ जानेवारी २००५ पासून कलम ५ रद्द झाले. तेव्हापासून भारतीय परीक्षकही घटकांचा तक्ता मांडतो आणि छापील पूर्वज्ञान धुंडाळतो. महाविद्यालयांतील प्राध्यापक-संशोधकांना याचा एक परिणाम थेट जाणवतो. स्वतःच छापलेला आलेख स्वतःच्याच अर्जाआड येऊ शकतो. कायद्याच्या कलम ३१ ने विद्वत्सभेपुढे वाचलेल्या किंवा तिच्या इतिवृत्तात छापलेल्या निबंधाला बारा महिन्यांची सवलत दिली आहे. सर्वसाधारण नियतकालिकात आधी छापून मग अर्ज करणाऱ्याला तिचा आधार घेता येईलच असे नाही.

उरते ते कलम ३(ड). ज्ञात पदार्थाच्या नव्या गुणाचा किंवा नव्या उपयोगाचा केवळ शोध हा या कायद्यानुसार शोधच मानला जात नाही. हे वाक्य १९७० पासून कायद्यात आहे. २००५ मध्ये त्यात ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपांविषयी भर पडली आणि २०१३ च्या नोव्हार्टिस निकालामुळे ते औषधांच्या संदर्भात गाजले. धातूंना ते तितकेच लागू आहे. जुन्या मिश्रधातूचा क्षरणरोध प्रथम ओळखणाऱ्याला वॉशिंग्टनमध्ये मिश्रधातू नाकारला गेला, म्युनिकमध्ये निदान त्याच्या उपयोगावर दावा सांगता येतो. मुंबईच्या कार्यालयात तो दावाही कलम ३(ड) पाशी अडतो.